गावच्या बढाईची झडती

प्रत्येक गावाला आपला असा एक अभिमान असतो, आणि घरी पाहुणा आला की पाण्याच्या तांब्याबरोबरच तो अभिमानही पुढे येतो. ‘आमच्याकडे जे आहे ते उभ्या देशात नाही बरे का!’ एवढे म्हटल्यावाचून यजमानास चैन पडत नाही. पाहुणाही मान डोलावतो, कारण त्याच्या पोतडीत त्याच्या गावची बढाई तयारच असते. हा खेळ फार जुना आहे. परंतु त्याचे शास्त्र जर कोणी केले असेल तर ते अमेरिकेतील लहान लहान गावांनी.

मिनेसोटा राज्यात डार्विन नावाचे एक चिमुकले गाव आहे. तेथील फ्रान्सिस जॉन्सन नावाच्या गृहस्थाने १९५० साली सुतळीचा गुंडा गुंडाळावयास आरंभ केला आणि २९ वर्षे तो गुंडाळीतच राहिला. अखेर त्या गुंड्याचे वजन १७,४०० पौंड, म्हणजे जवळजवळ आठ टन भरले. आता आठ टन सुतळीचा गुंडा कशासाठी, असे विचारू नये. त्याच्यासाठी गावाने छप्पर उभारले आहे आणि प्रवासी तो पाहण्यास येतात. गंमत अशी की कॅन्सास राज्यातील कॉकर सिटी या गावीही असाच एक गुंडा १९५३ साली सुरू झाला, आणि तो गावकरी व पाहुणे मिळून अद्यापि वाढवीत आहेत. त्यामुळे ‘जगातील सर्वांत मोठा गुंडा कोणाचा?’ हा दोन गावांतील वाद मिटत नाही. डार्विनकर म्हणतात, एकट्या माणसाने केलेला आमचाच मोठा. कॉकरकर म्हणतात, एकट्याने की दहांनी, मोठा तो मोठा. न्यू मेक्सिकोतील हॉट स्प्रिंग्स या गावाने तर १९५० साली एका रेडिओ कार्यक्रमाच्या हट्टापायी स्वतःचे नावच बदलून ‘ट्रूथ ऑर कॉन्सिक्वेन्सेस’ असे ठेवले. ‘खरे सांगा, नाहीतर भोगा’ हे एखाद्या गावाचे नाव असू शकते, यावर आपला विश्वास बसणार नाही. पण ते आजही आहे.

हे वाचून आम्ही हसलो. मग मनात आले, आपल्या इंदूरच्या बढाया तरी कोणी कधी तपासून पाहिल्या आहेत काय? आणि या विचारास कारणही तसेच घडले होते. ते आधी सांगावयास हवे, कारण त्यात चूक आमची होती.

काही वर्षांपूर्वी राजेंद्रनगरातील मुलांसाठी आम्ही सामान्यज्ञानाची एक छोटीशी स्पर्धा घेतली. त्यात एक प्रश्न होता: ‘महू या नावाची उत्पत्ती सांगा.’ उत्तर आमच्या वहीत ठसठशीत लिहिलेले होते. इंग्रजांची लष्करी छावणी म्हणून ‘मिलिटरी हेडक्वार्टर्स ऑफ वॉर’, आणि त्याची आद्याक्षरे जोडून ‘महू’. हे उत्तर आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो. तुम्हीही ऐकले असेल. एका मुलाने ते बरोबर सांगितले, टाळ्या झाल्या, गुणही दिले. तेवढ्यात सातवीतील एक मुलगी उठली आणि तिने शांतपणे विचारले, ‘सर, मग इंग्रज येण्याआधी त्या गावाला काय म्हणत होते?’

आमच्यापाशी उत्तर नव्हते. घरी येऊन शोध घेतला तेव्हा उमजले की मुलीचा प्रश्नच बरोबर होता आणि आमचे उत्तर सपशेल चूक. महू हे गाव छावणीहून जुने आहे. २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरच्या लढाईत होळकरांचा पराभव झाला, १८१८ च्या जानेवारीत मंदसोरचा तह झाला, आणि त्यानंतर माल्कमसाहेबाने छावणीसाठी जागा निवडली ती या गावाजवळची. गावाचे नाव छावणीला पडले, छावणीचे गावाला नव्हे. मऊ, महू या नावाची गावे उत्तर हिंदुस्थानात अन्यत्रही आहेत आणि तेथे कोणतेही युद्धाचे मुख्यालय नव्हते. शिवाय आद्याक्षरे जोडून शब्द बनविण्याची हौस ही प्रामुख्याने विसाव्या शतकातील. १८१८ साली इंग्रज लोक गावांची नावे अशी ठेवीत नसत. कोणा चतुर माणसाने मागाहून चार शब्द जुळविले, ते चपखल बसले, आणि चपखल बसले म्हणूनच खरे मानले गेले. ज्या गावी १४ एप्रिल १८९१ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म झाला, ज्याचे अधिकृत नाव २००३ पासून डॉ. आंबेडकर नगर आहे, त्या गावाला कीर्तीसाठी बनावट आद्याक्षरांची गरज ती काय?

तेव्हापासून गावची कोणतीही बढाई कानी आली की तिची झडती घेतल्याशिवाय आम्ही ती वहीत उतरवीत नाही. त्या झडतीत जे हाती लागले ते येथे देत आहोत.

पहिली गोष्ट अशी दिसली की काही बढाया एके काळी खऱ्या असतात, पण पुढे त्या शिळ्या होतात आणि हे कोणी यजमानास कळवीत नाही. ‘आय. आय. टी. आणि आय. आय. एम. या दोन्ही संस्था असलेले देशातील एकमेव शहर म्हणजे इंदूर’ हे वाक्य अजूनही स्टेशनावरून निघालेल्या रिक्षात ऐकू येते. आपल्या शेजारी राऊच्या टेकडीवर आय. आय. एम. आहे, ती १९९६ सालची. आय. आय. टी. २००९ साली आली. तेव्हा हे वाक्य सांगावयास हरकत नव्हती. परंतु २०१६ साली जम्मूला दोन्ही संस्था मिळाल्या आणि २०२३ साली मुंबईतील एका जुन्या संस्थेस आय. आय. एम. चा दर्जा लाभल्याने मुंबईही त्या पंक्तीत बसली. ‘एकमेव’ हा शब्द आता काढावयास हवा, ‘पहिले’ म्हणावे. तसेच वीरेंद्र सेहवागचे. ८ डिसेंबर २०११ रोजी होळकर स्टेडियमवर त्याने २१९ धावा केल्या, तो एकदिवसीय सामन्यातील जागतिक विक्रम होता. तीन वर्षांच्या आतच रोहित शर्माने कोलकात्यास २६४ करून तो मागे टाकला. विक्रम हा असा उसन्या दागिन्यासारखा असतो, आज आपल्या गळ्यात तर उद्या दुसऱ्याच्या.

मात्र ३१ मार्च २००१ ही तारीख कोणी हिरावून नेऊ शकत नाही. त्या दिवशी नेहरू स्टेडियमवर सचिन तेंडुलकरने एकदिवसीय सामन्यांतील १०,००० वी धाव घेतली, आणि ही मजल गाठणारा जगातील पहिला फलंदाज तो ठरला. ‘सर्वांत जास्त’ची बढाई नासते, ‘सर्वांत प्रथम’ची नासत नाही. याच नेहरू स्टेडियमच्या नावावर दुसराही एक ‘पहिला’ आहे, पण तो यजमान सहसा सांगत नाहीत. २५ डिसेंबर १९९७ रोजी भारत आणि श्रीलंका यांचा सामना अवघी तीन षटके टाकल्यावर थांबविण्यात आला. चेंडू कोठे जमिनीवरून सरपटत तर कोठे फलंदाजाच्या कानशिलापाशी येऊ लागला. खेळपट्टी धोकादायक आहे म्हणून रद्द झालेला हा पहिला आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामना. अमेरिकेतील एखाद्या गावी हे घडले असते तर त्यांनी त्या अठरा चेंडूंचे स्मारक बांधले असते!

क्रिकेटचा विषय निघालाच आहे तर होळकर संघाकडे वळल्याशिवाय पुढे जाववत नाही. १९४५-४६ च्या हंगामात इंदूर येथे रणजी करंडकाचा सामना होळकर आणि म्हैसूर यांच्यात झाला. होळकरांनी आठ गडी बाद ९१२ धावा करून डाव सोडला. भांडारकर १४२, सरवटे १०१, जगदाळे १६४, कर्नल सी. के. नायडू १०१, निंबाळकर १७२ आणि प्रतापसिंह १००. एकाच डावात सहा शतके! प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये असे पूर्वी कधी घडले नव्हते. नायडू त्या वेळी पन्नाशी ओलांडलेले होते, हे ध्यानात घ्यावे. म्हैसूरकरांनी पहिल्या डावात १९० आणि दुसऱ्या डावात ५०९ धावा केल्या, आणि तरीही ते एक डाव व २१३ धावांनी हरले. बेरीज करून पाहा, जमते.

त्याआधीच्या वर्षीच्या अंतिम सामन्याची कथा याहून विलक्षण आहे. इंग्लंडचा नामांकित फलंदाज डेनिस कॉम्प्टन महायुद्धाच्या काळात सैनिक म्हणून महूस होता, आणि म्हणून तो होळकरांकडून खेळला. मुंबईच्या ब्रेबोर्न स्टेडियमवर त्याने नाबाद २४९ धावा केल्या, तरीही होळकर संघ ३७४ धावांनी पराभूत झाला. तेव्हा महूच्या छावणीने आम्हांस आद्याक्षरे दिली नाहीत, पण कॉम्प्टन दिला. या सौद्यात आम्ही तोट्यात आहोत असे वाटत नाही. होळकर संघाने पुढे १९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१ आणि १९५२-५३ असा चार वेळा करंडक जिंकला.

आता इंदुरातून थोडे बाहेर पडू. आग्रा रोडने पस्तीस-छत्तीस किलोमीटर गेले की देवास लागते. आमच्या मते उभ्या माळव्यात बढाई मारण्याचा पहिला अधिकार देवासचा आहे, कारण एका गावात दोन राजे सुखाने नांदले असे उदाहरण दुसरीकडे सापडणे कठीण. बाजीरावांच्या काळात, १७२८ साली, तुकोजी आणि जिवाजी या पवार बंधूंना हा मुलूख मिळाला. थोरल्याची ती थोरली पाती, धाकट्याची ती धाकटी पाती. इंग्रजांनी १८१८ साली दोन्ही पात्यांना मान्यता दिली आणि मग ही दुहेरी गादी संस्थाने विलीन होईपर्यंत, म्हणजे १९४८ पर्यंत चालली. एकच शहर, परंतु दोन दरबार, दोन राजवाडे, दोन फौजा. रस्त्याच्या या बाजूस एका राजाचा कायदा तर पलीकडे दुसऱ्याचा.

ही व्यवस्था पाहून परक्या माणसाची काय अवस्था होत असेल? त्याचे उत्तरही उपलब्ध आहे. इ. एम. फॉर्स्टर हा इंग्रज कादंबरीकार १९२१ साली थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव तिसरे यांचा खाजगी चिटणीस म्हणून काही महिने देवासास राहिला. तेथील गोकुळाष्टमीचा उत्सव त्याने डोळ्यांनी पाहिला; टाळ, कीर्तन, गुलाल, पाळणा, सारे काही. पुढे १९२४ साली त्याची ‘अ पॅसेज टू इंडिया’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली, तिच्या शेवटच्या भागातील कृष्णजन्माचा सोहळा हा या अनुभवावर बेतलेला आहे. देवासच्या आठवणी त्याने १९५३ साली ‘द हिल ऑफ देवी’ या नावाने स्वतंत्र पुस्तकात लिहिल्या. म्हणजे जगभर इंग्रजी साहित्याचे विद्यार्थी ज्या उत्सवाचे वर्णन वाचतात, तो एका मराठी संस्थानिकाच्या वाड्यातील उत्सव होता. देवासच्या टेकडीवर गेलात तर आणखी एक मौज दिसेल: तेथे देवीही दोन आहेत, तुळजाभवानी आणि चामुंडा. लोक त्यांना थोरली माता आणि धाकटी माता म्हणतात व सख्ख्या बहिणी मानतात. राजे दोन म्हणून देवी दोन, की देवी दोन म्हणून राजे दोन, हा निर्णय वाचकांनीच करावा. याच टेकडीच्या परिसरात पंडित कुमार गंधर्व १९४८ साली क्षयाच्या आजारात कोरड्या हवेसाठी येऊन राहिले. कित्येक वर्षे गाणे बंद होते, तेव्हा अंथरुणावर पडल्या पडल्या कानी येणाऱ्या माळवी लोकगीतांनी त्यांच्या गाण्याला नवी वाट दिली.

उज्जैनची बढाई सर्वांत जुनी. भारतीय ज्योतिषशास्त्र ज्या मध्यरेषेवरून गणित करी ती रेषा उज्जैनवरून जाते असे मानले जाई. ग्रीनिचला तो मान १८८४ साली मिळाला. ही बढाई डोळ्यांनी तपासता येत नाही, परंतु तिच्या शेजारची येते. उज्जैन कर्कवृत्ताच्या अगदी किंचित दक्षिणेस आहे. त्यामुळे २१ जूनच्या सुमारास तेथील वेधशाळेत मध्यान्ही उभे राहिले तर आपली सावली जवळजवळ नाहीशी होते. मात्र घड्याळात बारा वाजता पाहाल तर फसाल. आपले घड्याळ मिर्झापूरजवळच्या रेखांशावर चालते आणि उज्जैन त्याच्या पश्चिमेस आहे; म्हणून उज्जैनचा खरा मध्यान्ह त्या दिवसांत बारा वाजून सुमारे अठ्ठावीस मिनिटांनी होतो. आकाश मात्र निरभ्र हवे, आणि जूनच्या तिसऱ्या आठवड्यात ते तसे मिळेलच याची हमी कोणी देऊ नये.

धारची बढाई तीन तुकडे होऊन पडली आहे. तेथील लाट मशिदीबाहेर जुना लोहस्तंभ आहे. त्याचे तुकडे जोडले तर लांबी तेरा मीटरांच्या वर भरते. दिल्लीचा सुप्रसिद्ध लोहस्तंभ सव्वासात मीटरांच्या आसपास. पण दिल्लीचा उभा आहे आणि आमचा आडवा, आणि जग उभ्याला नमस्कार करते!

पुन्हा इंदुरास येऊ. येथे एक आर्थिक बढाई आहे. संस्थानिकांनी इंग्रजांचे कर्ज काढल्याच्या कथा पुष्कळ. परंतु दुसऱ्या तुकोजीरावांनी इंग्रज सरकारलाच कर्ज दिले. खंडव्याहून इंदूरपर्यंत लोहमार्ग व्हावा म्हणून त्यांनी एक कोट रुपये साडेचार टक्के व्याजाने दिले, आणि मुदत ठेवली १०१ वर्षांची. हा व्यवहार १८७० च्या सुमाराचा. मुदत संपेपर्यंत ना होळकरांचे राज्य उरले होते ना कर्ज घेणाऱ्यांचे. लोहमार्ग मात्र झाला, आणि पहिले इंजिन हत्तींनी ओढून आणले अशी आख्यायिका वडीलधाऱ्यांकडून आपण ऐकलेली आहे.

दुसरी बढाई न बांधलेल्या इमारतीची आहे, म्हणून ती कोणी दाखवू शकत नाही. दुसरे यशवंतराव होळकर यांनी १९३० नंतरच्या दशकात जर्मन वास्तुशिल्पी एकार्ट मुथेसियस याजकडून माणिकबाग पॅलेस बांधविला. त्या काळच्या युरोपातील सर्वांत नव्या तऱ्हेचे घर व सामान त्यात होते. महाराजांनी ब्रांकुसी या थोर शिल्पकाराचे ‘अवकाशातील पक्षी’ या नावाचे तीन पुतळे घेतले: एक झळाळत्या कांस्याचा, एक काळ्या आणि एक पांढऱ्या संगमरवराचा. या पक्ष्यांसाठी इंदुरात एक ध्यानमंदिर उभारावे असे ठरले. ब्रांकुसी त्यासाठी १९३७ च्या अखेरीस पॅरिसहून इंदुरास आलाही. पण मंदिर झाले नाही. दोन्ही संगमरवरी पक्षी आज ऑस्ट्रेलियात कॅनबेरा येथील संग्रहालयात आहेत, आणि माणिकबागेत सरकारी करखात्याचे कार्यालय भरले. कराचा भरणा करावयास गेलेल्या किती जणांस हे ठाऊक असेल?

येथवरच्या गोष्टी कोणी ना कोणी सांगणारे भेटतात. पण जी बढाई इंदूरने खरोखर मारावी, आणि जी आम्हांस स्वतःला त्या स्पर्धेच्या वेळी मुळीच ठाऊक नव्हती, ती आता सांगतो. ती कचऱ्याची आहे.

शेतीशास्त्राचे कोणतेही पाठ्यपुस्तक उघडा. कंपोस्ट खताच्या प्रकरणात दोन नावे आढळतील: ‘बंगलोर पद्धत’ आणि ‘इंदूर पद्धत’. हे इंदूर म्हणजे आपलेच. अल्बर्ट हॉवर्ड हा इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ १९०५ पासून बिहारातील पुसा येथे काम करीत होता. कापसावर संशोधन करण्यासाठी १९२४ साली इंदूरला ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री’ ही संस्था निघाली. जागा होळकर दरबाराने दिली. आज तेथे कृषी महाविद्यालय आहे. येथे हॉवर्डने १९३१ पर्यंत जे काम केले त्यातून ही पद्धत जन्मास आली.

तिची रीत साधी आहे आणि शाळेच्या आवारातही करून पाहता येईल. तीस फूट लांब, चौदा फूट रुंद आणि दोन-तीन फूट खोल असा उतरत्या कडांचा खड्डा घ्यावयाचा. त्यात शेतातील काडीकचरा, पाला, तण यांचा थर द्यावयाचा, त्यावर गोठ्यातील मूत्राने भिजलेली माती, शेण आणि थोडी लाकडाची राख, वर पाणी शिंपडावयाचे, पुन्हा थर. कपाशीच्या आणि तुरीच्या काड्या फार कठीण असतात, त्या लवकर कुजत नाहीत. त्यावर हॉवर्डने काढलेली युक्ती मोठी नामी होती: काड्या गाडीवाटेवर पसरून द्यावयाच्या. येणारी-जाणारी बैलगाडी त्या फुकटात चिरडून देई! ढीग ओला हवा पण चिखल होता कामा नये; पिळून काढलेल्या स्पंजाइतकाच ओलावा असावा. काही दिवसांतच ढिगाचे आतले तपमान ६५ अंश सेल्सियसच्या घरात जाते. त्या उष्णतेने तणांचे बी आणि माश्यांची अंडी मरतात. तीन महिन्यांत तीन वेळा ढीग उलथावा, म्हणजे आत हवा खेळते आणि जंतू आपले काम पुरे करतात. नव्वद दिवसांनी काळसर, भुसभुशीत, दुर्गंधरहित खत हाती येते. बंगलोर पद्धतीत ढीग वरून चिखलाने लिंपून ठेवतात आणि उलथीत नाहीत. कष्ट कमी, परंतु वेळ अधिक.

हॉवर्डने यात नवे काय केले, असा प्रश्न येईल. उकिरडा तर आपल्याकडे प्रत्येक खेड्यात होताच, आणि चीनमधील शेतकरी शतकानुशतके असे खत करीत आले, हे हॉवर्डने स्वतः मान्य केले आहे. नवे होते ते मोजमाप. कचऱ्यात कर्ब आणि नत्र यांचे प्रमाण किती असावे, सुरुवातीस ते ३३ ला १ च्या आसपास असेल तर जंतूंना पोषक का ठरते, पाणी किती, हवा किती, उलथणे केव्हा, हे सारे येथे रसायनशाळेत तपासून ठरविले गेले. आणि ही तपासणी करणारा माणूस कोण? १९३१ साली या पद्धतीवर इंग्रजीत जे पुस्तक ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या मुद्रणालयाने काढले, त्याच्या मुखपृष्ठावर दोन लेखकांची नावे आहेत: अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत डी. वाड. वाड हे त्या संस्थेत रसायनशास्त्राचे प्रमुख साहाय्यक होते. हॉवर्ड पुढे सर झाला, जगभर त्याची कीर्ती झाली. वाडांचे नाव त्याच मुखपृष्ठावर असूनही त्यांच्या गावातच कोणाच्या ओठी नाही. आम्ही शेजाऱ्यापाजाऱ्यांस विचारून पाहिले. एकासही ठाऊक नव्हते. गांधीजी १९३५ साली हिंदी साहित्य संमेलनासाठी इंदुरास आले असता ही संस्था आवर्जून पाहून गेले, ही गोष्टही तशीच विस्मरणात गेली आहे.

आणि आता आरंभीची अमेरिका पुन्हा भेटते. पेनसिल्व्हानिया राज्यातील इमाउस या लहानशा गावी जेरोम रोडेल नावाच्या प्रकाशकाने हॉवर्डचे लेखन वाचले आणि तो इतका भारावला की शेत घेऊन त्याने हे प्रयोग सुरू केले. १९४२ साली त्याने ‘ऑरगॅनिक फार्मिंग अँड गार्डनिंग’ हे मासिक काढले. सहसंपादक म्हणून नाव घातले ते हॉवर्डचे. सेंद्रिय शेतीच्या अमेरिकेतील चळवळीचे माहेरघर म्हणून इमाउसचे नाव घेतात. त्यांच्या बढाईच्या मुळाशी खणत गेलात तर खाली लागते ती माळव्यातील काळी माती, कपाशीच्या चिरडलेल्या काड्या आणि एका मराठी रसायनशास्त्रज्ञाची टिपणवही. सुतळीच्या गुंड्याबद्दल त्यांना हसणारे आपण, पण आपली खरी दौलत त्यांनी जपली आणि आपण विसरलो. हे लिहिताना थोडी लाज वाटते.

कचऱ्याशी असलेले इंदूरचे नाते तेवढ्यावर संपले नाही. देशातील स्वच्छ शहरांच्या सरकारी पाहणीत २०१६ साली म्हैसूर पहिले होते. (त्यांना ९१२ धावांचे उट्टे काढावयाचे असावे.) २०१७ साली इंदूरने तो क्रमांक घेतला आणि पुढे वर्षानुवर्षे सोडला नाही. ओला कचरा निराळा, सुका निराळा हे आता आपल्या आजीबाईंनाही पाठ आहे. देवगुराडियास फेब्रुवारी २०२२ मध्ये दिवसाला ५५० टन ओला कचरा घेऊन त्यातून वाहनांचा वायू आणि खत काढणारा कारखाना सुरू झाला. तेथील जंतू आणि वाडांच्या खड्ड्यातील जंतू यांत फरक इतकाच की वाडांचे हवेवर जगत आणि हे हवेवाचून. वायू मिळतो तो त्यामुळेच. ‘सर्वांत स्वच्छ’ ही मात्र ‘सर्वांत जास्त’च्या जातीची बढाई आहे, रोज सकाळी नव्याने कमवावयाची, आणि घंटागाडी येऊन गेल्यावर गुपचूप कोपऱ्यावर पिशवी ठेवणारे आमच्या आळीतही आहेत, हे कबूल केले पाहिजे.

खुद्द आपल्या राजेंद्रनगरला काय सांगावयाचे आहे? येथील मुले म्हणतात, ‘आमच्याकडे कॅट आहे.’ मांजर नव्हे. आपल्या वस्तीलगत सुखनिवासच्या बाजूस असलेले प्रगत तंत्रज्ञान केंद्र. त्याची कोनशिला फेब्रुवारी १९८४ मध्ये राष्ट्रपती झैलसिंग यांच्या हस्ते बसली. आज त्यास राजा रामण्णा यांचे नाव आहे, पण जिभेवर ‘कॅट’च राहिले. तेथे इंडस-१ आणि इंडस-२ ही दोन यंत्रे आहेत. १७२.५ मीटर परिघाच्या वर्तुळात इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने फिरतात आणि वळणावर वळताना अतिशय प्रखर क्ष-किरण सोडतात. त्या किरणांत धातूंची, औषधांची, प्रथिनांची अंतर्रचना पाहता येते. अशी यंत्रे देशात अन्यत्र नाहीत. ‘एकमेव’ हा शब्द येथे तूर्त वापरता येईल, परंतु तारीख घालून वापरावा, कारण दुसरीकडे असे यंत्र उभे राहिले की आय. आय. टी.ची गत व्हावयाची. इंडस-१ हे देशातील पहिले, १९९९ सालचे. हे वाक्य कायम टिकेल.

आमच्या सामान्यज्ञानाच्या वहीतील महूचा प्रश्न आम्ही खोडला आहे. ज्या मुलाला त्या उत्तराचे गुण दिले ते परत घेतले नाहीत, कारण चूक त्याची नव्हती. ज्या मुलीने प्रश्न विचारला तिला मात्र पुढच्या वर्षी दोन गुण जास्त दिले, आणि का दिले ते सर्वांसमक्ष सांगितले. खोडलेल्या जागी नवा प्रश्न लिहिला आहे: ‘इंदूर पद्धतीच्या १९३१ सालच्या पुस्तकावर हॉवर्डखेरीज दुसरे नाव कोणाचे?’ यंदाच्या स्पर्धेत तो येणार आहे, हे येथे छापून टाकल्यामुळे आता त्याचे गुण सर्वांनाच मिळतील, यास आमचा इलाज नाही.